पीएचडी आणि सात महिन्यांची लेक: रजेबद्दल मदत हवी आहे

मैत्रिणींनो, रसायनशास्त्रात पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे महिला संशोधकांना पूर्ण पीएचडीत एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. मुदतही सहा वर्षं, पुनर्नोंदणीची दोन आणि बायकांसाठी आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. कागदावर सगळं छानच. आमच्या ऑफिसात मात्र "फेलोशिप थांबेल, बघा बाई" एवढंच ऐकवतात, लेखी काही देत नाहीत.

कुणी अशी रजा घेतली आहे का? अर्ज गाईडमार्फत केला की थेट कुलसचिवांकडे? संशोधन सल्लागार समितीपुढचं दर सत्राचं सादरीकरण रजेत माफ झालं का? आणि फेलोशिपचे पैसे?

आणखी एक. लेक अजून अंगावर पिते आणि माझं काम दिवसभर सॉल्व्हंटमध्ये (पदार्थ विरघळवायची रसायनं). रजा नाहीच मिळाली तर तेवढे महिने नुसतं लेखनाचं आणि डेटाचं काम मागावं असं वाटतं, पण सरांपुढे (माणूस भला, पण या विषयावर लाजतो) हे कसं मांडू? "लेकरू मोठं झाल्यावर कर की" हा सल्ला सासूबाईंनी दिलेला आहे, तो सोडून काहीही सांगा.