मदत हवी आहे: ज्येष्ठांसाठी डोंगरातल्या गावाची एक दिवसाची सहल

सहलप्रमुख:
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची एक दिवसाची सहल डोंगरातल्या एखाद्या गावी न्यायची आहे. हवा थंड हवी, चढउतार बेताचा हवा आणि दिवसभर नुसते गाडीत बसणे व उतरणे नको, एवढीच सभासदांची अपेक्षा आहे. दोन प्रवासी कंपन्यांकडून कार्यक्रम मागवले, तर दोघांनीही एका दिवसात सात-सात ठिकाणे कोंबली आहेत आणि सूर्यास्त पाहून अंधारात घाट उतरायचे ठरवले आहे. या आठवड्यात गाडीवाल्याला विसार द्यायचा आहे. कृपया इकडची-तिकडची यादी न देता एकच नेमके ठिकाण सुचवावे.

घाटमाथा:
माथेरान. दुसरा विचारच करू नये. तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे रस्त्यावर धूर नाही, हॉर्न नाही आणि मागून गाडी येईल ही धास्तीही नाही. झाडांच्या सावलीतून सावकाश चालत जाण्यासारखे सुख म्हाताऱ्या माणसांना दुसरीकडे मिळणार नाही.

निवृत्त परिचारिका:
ठिकाण सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. तुम्ही निघणार कोठून? माणसे किती आणि वये काय? चाकाच्या खुर्चीवर कोणी आहे का, काठी किंवा वॉकर घेणारे किती, मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणारे किती? सहल कोणत्या महिन्यात आहे? याची उत्तरे मिळाल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे प्रकृती न पाहता दिलेले औषध आहे.

नेरळकर:
माथेरानबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की ज्येष्ठांच्या गटासाठी ते एका दिवसात जमणार नाही. खासगी गाड्या गावाबाहेर दस्तुरी नाक्याच्या वाहनतळावर थांबतात. तिथून बाजारपेठेपर्यंत पायी जायचे, घोडा करायचा किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकाहून छोट्या आगगाडीची वाट पाहायची. ई-रिक्षा सुरू झाल्या आहेत, पण त्यांची संख्या मर्यादित आहे आणि मोठा गट असला की पहिले चौघे पोहोचून शेवटचे चौघे येईपर्यंत बराच वेळ जातो. तांबड्या मातीच्या, दगडगोट्यांच्या वाटेवर चाकाची खुर्ची ढकलणे हा तर बसणाऱ्यालाही त्रास आणि ढकलणाऱ्यालाही.

घाटमाथा:
माझे सासरे ऐंशीच्या घरात असताना त्या वाटेने काठी टेकत आरामात गेले होते. गाड्या नाहीत हीच तिथली सर्वांत मोठी सुरक्षितता आहे, हे आपण विसरू नये.

नेरळकर:
आपले सासरे गेले, याचा मला आनंदच आहे. पण गटाची सहल ठरवताना सर्वांत सशक्त माणसाकडे पाहून चालत नाही, ज्याला सर्वांत कमी चालवते त्याच्याकडे पाहावे लागते.

सहलप्रमुख:
तपशील देतो. आम्ही पुण्याहून निघणार. एकूण बावीस जण, वये चौसष्ट ते शहाऐंशी, त्यांत महिला अधिक. एक काकू चाकाच्या खुर्चीवर आहेत, चार-पाच जणांना काठी लागते आणि निम्म्या लोकांना मधुमेह आहे. सहल जानेवारीत, मंगळवार किंवा बुधवारी. बहुतेक सभासद आमच्या वाचनकट्ट्याचे आहेत. दर पंधरवड्याला एका पुस्तकावर आमची चर्चा होते.

वाचनवेडा:
वाचनकट्ट्याचे आधीच लिहायला हवे होते, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. भिलारला जा. पाचगणीपासून पाच-सहा किलोमीटरांवर, महाबळेश्वरच्या वाटेला हे गाव आहे. ४ मे २०१७ रोजी राज्य मराठी विकास संस्थेच्या वतीने ते ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून सुरू झाले. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके होती. ग्रामस्थांनी आपल्याच घरांतल्या खोल्या आणि ओसऱ्या वाचकांना मोकळ्या करून दिल्या. एका घरी कादंबऱ्या, दुसरीकडे कविता, कुठे संतसाहित्य तर कुठे इतिहास, अशी विषयवार मांडणी आहे. पुस्तक हवे तितका वेळ तिथेच बसून वाचायचे आणि जागेवर ठेवून निघायचे. ज्यांना चालवत नाही त्यांनी दिवसभर एका ओसरीवर बसून वाचले, तरी त्यांचे काही पाहायचे राहिले असे होत नाही. जानेवारीत आजूबाजूच्या शेतांत स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो, आणि काळ्या प्लास्टिकच्या आच्छादनावर लोंबणारी तांबडी फळे रस्त्याच्या कडेवरूनही दिसतात. स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजी याच गावचे. तुमच्या कट्ट्यावर गुरुजींची आठवण असलेले सभासद नक्की निघतील.

पठारप्रेमी:
जानेवारीऐवजी सप्टेंबर धरा आणि साताऱ्याजवळच्या कास पठारावर जा. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कासचा समावेश आहे. तेरडा, सीतेची आसवे अशा रानफुलांचा तो बहर प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी पाहायला हवा.

सहलप्रमुख:
सहल जानेवारीतच आहे. भिलारची कल्पना मला पटते आहे, मात्र आमच्या एका सभासदाच्या मुलाने हृदयाचे कारण देऊन ‘एवढ्या उंचीवर वडिलांना नेऊ नका’ असे कळवले आहे. त्याला काय उत्तर द्यावे?

निवृत्त परिचारिका:
पाचगणीची उंची साधारण तेराशे मीटर आहे. विरळ हवेचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे निव्वळ उंचीची भीती नको. तरीही ज्यांची अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे किंवा थोडे चालताच ज्यांना धाप लागते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच यावे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आपल्याकडच्या अनेक आजी सहलीच्या सकाळी पाणीच पीत नाहीत आणि लघवीची गोळीही आपल्या मनाने टाळतात. दुपारपर्यंत त्यांना गरगरते, रक्तदाब उतरतो, आणि बरोबरचे लोक म्हणतात की हवा मानवली नाही. म्हणून दर दीड तासाला गाडी थांबणार आणि प्रत्येक थांब्यावर कमोड असणार, हे निघण्यापूर्वी सर्वांना सांगा आणि त्या जागा तुमच्यापैकी कोणीतरी आधी प्रत्यक्ष जाऊन पाहून या. नुसते फोनवर विचारू नका. ‘आहे’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा भारतीय पद्धतीचे शौचालय असते. दार किती रुंद आहे, आत धरायला कठडा आहे का आणि फरशी ओली राहते का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. गोळी किती वाजता घ्यायची, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा. मधुमेह असलेल्यांचे जेवण साडेबाराच्या पुढे जाऊ देऊ नका.

कृष्णाकाठ:
मी वाईचा. जाताना वाईत ढोल्या गणपतीचे दर्शन ठेवता येईल, फक्त संकष्टी टाळा, त्या दिवशी फार गर्दी असते. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा सर्वांना पाहावासा वाटतो, पण त्यामागचा कृष्णेचा घाट दगडी पायऱ्यांचा आहे आणि तिथली प्रसिद्ध घंटा खाली घाटावरच्या देवळापाशी आहे. गुडघे दुखणाऱ्यांना उतरणे एकवेळ जमेल, चढून येणे जमणार नाही. या गटासाठी मेणवली वगळा.

पसरणीच्या घाटात वळणे बरीच आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या आसनांवर बसवा, सकाळी वडापाव-भजी देऊ नका आणि वाईतून निघाल्यावर घाट संपेपर्यंत चालकाला घाई करायला लावू नका.

घाटमाथा:
एवढ्या लोकांसाठी मोठी बस करण्यापेक्षा सहा मोटारी कराव्यात. घराच्या दारापर्यंत जाता येते.

वाचनवेडा:
मोटारींचा मुद्दा मला पटत नाही. सहा गाड्या घाटात मागे-पुढे झाल्या की दर थांब्यावर अर्धा तास एकमेकांना शोधण्यात जातो. शिवाय सहलीतली निम्मी मजा गाडीतल्या गप्पांत आणि गाण्यांत असते, ती सहा ठिकाणी वाटली जाते.

नेरळकर:
दोन्हींचा मेळ घालावा. सर्वांसाठी एक बस आणि तिच्यामागे एक मोटार ठेवा. चाकाची खुर्ची मोटारीत राहील. कोणाला बरे वाटेनासे झाले, तर बाकीच्यांची सहल न मोडता त्याला खाली नेता येईल. पाचगणीत बेल-एअर रुग्णालय आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहेच. डोंगरात प्रत्येक जागी मोबाइलला रेंज असेल असे मात्र गृहीत धरू नका.

सहलप्रमुख:
भिलारची घरे जुन्या पद्धतीची असतील, तर काकूंची खुर्ची आत कशी न्यायची?

वाचनवेडा:
काही घरांना दोन-तीन पायऱ्या आणि वर उंबरठा आहे, काहींची ओसरी जवळजवळ रस्त्याच्या पातळीवर आहे. रस्त्यालाही चढ आहे. म्हणून सगळी घरे पाहण्याचा हट्ट न धरता, जिथे गाडी दारापाशी लागते अशी दोन-तीन घरे आधी हेरून ठेवा. लाकडी फळी टाकून खुर्ची चढवण्याचा विचार असेल, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो, हे प्रमाण लक्षात घ्या. आखूड फळीवरून माणसासकट खुर्ची ढकलणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा काकूंना विचारून, पुस्तके ओसरीवर आणून देणे अधिक बरे. आधी कळवले तर काही घरांत जेवणाची सोयही होते. पिठले, भाकरी आणि भात मऊ मिळेल असे मुद्दाम सांगा, कारण कवळी असलेल्यांना कडक भाकरी चावत नाही.

सहलप्रमुख:
ठरवतो असे. सकाळी सातला पुण्याहून निघायचे, खेड शिवापूरच्या पुढे पहिला थांबा, सुरूर फाट्यावरून वळून वाईत दुसरा. अकराच्या सुमारास भिलार, साडेबाराला जेवण, त्यानंतर तासभर पडायला जागा आणि मग ज्याला जे वाचायचे ते. परतताना पाचगणीत फक्त पारसी पॉइंट, कारण तिथे गाडीतून उतरल्यावर फार चालावे लागत नाही. चारला निघायचे, म्हणजे पसरणीचा घाट उजेडात उतरून होईल. महाबळेश्वर या वेळी नाही. सभासदांपैकी दोघे नाराज होतील, त्यांना मी समजावीन. येत्या रविवारी आम्ही दोघे जण जाऊन घरे आणि स्वच्छतागृहे पाहून येतो.

निवृत्त परिचारिका:
रविवारी जाऊ नका. त्या दिवशी पर्यटकांची गर्दी असते, तुम्हाला घरातल्या माणसांशी शांतपणे बोलता येणार नाही आणि रस्त्याला किती वेळ लागतो याचा अंदाजही चुकेल. ज्या वारी सहल नेणार त्याच वारी जा. आणि जाताना बसवाल्याकडून गाडीच्या पहिल्या पायरीची उंची मोजून घ्या. बहुतेक बसची ती पायरी गुडघा दुखणाऱ्या माणसाला झेपण्यापेक्षा उंच असते, त्यामुळे खाली ठेवायला चारही पाय पक्के असलेले, रुंद आणि बुटके लाकडी स्टूल लागेल. प्लास्टिकचे नको, ते घसरते.

सहलप्रमुख:
स्टूल सुताराकडून करून घेतो. उंची किती ठेवावी?

निवृत्त परिचारिका:
पायरीच्या निम्मी. वर रबराची पट्टी ठोकून घ्या, आणि चढता-उतरताना एक माणूस खाली व एक दारात उभा ठेवा.