विषय: हॉलमागचा फीडर शनिवारच्या आत उतरवा

प्रेषक: मृणाल (बालशाळा)
मंडळी,
इथल्या (उत्तर इंग्लंड) हेक्सहॅमच्या हॉलच्या केअरटेकरबाईंनी काल मला गाठलं. मुलांनी मागच्या झाडावर लावलेल्या दाण्यांच्या फीडरवर ग्रे खार (बाहेरून आलेली करडी) आली आहे. फोटो जोडते. फीडर ताबडतोब उतरवा, जंतुनाशकाने धुवा आणि सांगेपर्यंत परत लावू नका, असा निरोप आहे. रेड खारी (इथल्या मूळच्या, तांबड्या) वाचवणारा गट तिथे ग्रेसाठी पिंजराही लावणार आहे. मला शिडीवर चढता येत नाही. कोण काढतंय?

प्रेषक: अविनाश
फोटोतली खार मला तर रेडच वाटते. पाठ बघा, चांगली तांबूस आहे. बाईंचं आपल्याशी गणपतीच्या ढोलांपासून बिनसलंय, हे काय वेगळं सांगायला हवं? मुलांचा हिरमोड कशाला?

प्रेषक: श्रीपाद
अविनाशराव, पाठीवर जाऊ नका, उन्हाळ्यात ग्रेची पाठही तांबूस दिसते. फोटो मोठा करून शेपूट बघा. कडेने पांढरी झालर आहे, म्हणजे ग्रेच. कानावरचे झुबकेही आत्ता कामाचे नाहीत, या दिवसांत रेडचे झडलेले असतात.
आणि प्रश्न दाण्यांचा नाहीच. ग्रे स्क्विरलपॉक्सचा (खारींच्या साथीच्या रोगाचा) विषाणू बाळगते, तिला स्वतःला सहसा काही होत नाही. तिने तोंड घातलेल्या झाकणाखाली रेडने तोंड घातलं, की डोळ्यांभोवती, ओठांवर, पंजांवर खपल्या धरतात आणि पंधरवड्यात खेळ आटोपतो. २००८ मध्ये लिव्हरपूलजवळच्या फॉर्म्बीच्या ८० टक्क्यांहून जास्त रेड या साथीत गेल्या. फीडर आजच उतरवा.

प्रेषक: सुनीता
फीडरचं ठीक आहे. पण पिंजऱ्यातल्या ग्रेला मारतात ना? मुलं जिथे डबे खातात तिथे? माझा साफ विरोध. पकडून लांब जंगलात नेऊन सोडा. आणि दिवाळीच्या फराळ स्टॉलचे पैसे या गटाला दिलेत म्हणे, ते कुठल्या सभेत ठरलं?

प्रेषक: विद्याधर (खजिनदार)
फक्त पैशांपुरतं लिहितो. कुणालाही काही दिलेलं नाही. प्रस्ताव होता, कोरम नव्हता. हिशेब ज्यांना पाहायचा त्यांनी वार्षिक सभेला यावं. गेल्या वेळी कोण आलं होतं ते मला पाठ आहे.

प्रेषक: श्रीपाद
सुनीताताई, पकडलेली ग्रे सोडणं हा इथे गुन्हा आहे. पूर्वी परवाना तरी मिळायचा, २०१९ पासून तोही बंद. आणि लांबचं जंगल म्हणजे किल्डरच ना? इंग्लंडमधल्या साधारण निम्म्या रेड तिथे आहेत, त्यांच्याच दारात ग्रे नेऊन सोडायची? पिंजऱ्यात रेड सापडली तर ती जागच्या जागी सोडतात. मारणं मलाही आवडत नाही. पण १८७६ मध्ये चेशरमध्ये कुणा हौशी साहेबाने अमेरिकेतून आणून सोडल्या, ते आज निस्तरावं लागतंय.

प्रेषक: अविनाश
आमचं आजोळ जुन्नरकडचं. भीमाशंकरला शेकरूसाठी १९८५ मध्ये अभयारण्य झालं. आम्ही लहानपणी माना दुखेपर्यंत वर बघत बसायचो. तिथे नाही कुणी पिंजरे लावले.

प्रेषक: श्रीपाद
तिथे बाहेरची खार आलीच नव्हती, पिंजरा कुणाला लावणार? शेकरूचं दुखणं वेगळं. ते झाडावरून झाडावर उडी मारत जातं, मध्येच झाडं तुटली की अडकतं.

प्रेषक: मृणाल (बालशाळा)
शेकरू नंतर. पिंजऱ्याचं मी गटाशी बोलले: शनिवारी तो बंद ठेवतील. बालशाळेच्या वेळात आवारात काय चालेल ते बालशाळा ठरवेल, कार्यकारिणीने मध्ये पडू नये. मुलांना मी खरं तेच सांगणार आहे. रेड असो वा ग्रे, दिसली की फोटो, जागा, वेळ त्यांनी नोंदवायची. ग्रेची खबरही गटाला तितकीच हवी असते. मेलेली दिसली तर हात न लावता कळवायचं.
आणि फीडरमध्ये खारवलेले शेंगदाणे कुणी ओतले? साधे दाणेसुद्धा नुसतेच घालू नयेत, त्यांत कॅल्शियम फार कमी असतं. पुढे परवानगी मिळाली तर सालासकट हेझलनट मी आणेन, बाकी कुणी काही घालू नका.
शिडी मखराच्या सामानात विद्याधरांच्या गॅरेजमध्ये आहे ना?

प्रेषक: विद्याधर (खजिनदार)
नाही. नाटकवाल्यांनी मार्चमध्ये नेली, ती परत आलेली नाही. नोंदवहीत अविनाशरावांची सही आहे.