घरातलं कॉकटेल पाणचट का होतं? आणि मूडप्रमाणे काय करावं?

ग्लासभर:
मंडळी, घरात ओल्ड माँक, एक गोव्याची जिन आणि कोकमाची बाटली आहे. शेकर नाही, बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क) नाहीत, आणि त्यासाठी हजारो रुपये घालायची इच्छाही नाही. इंटरनेटवरच्या पाककृती करून पाहिल्या की पेय एकतर आंबटढाण होतं, नाहीतर अर्ध्या ग्लासानंतर नुसतं पाणी लागतं. तीन प्रसंगांसाठी मार्गदर्शन हवंय: ऑफिसातून दमून आल्यावर हलकं काही, पाऊस सुरू झाला की गरम काही, आणि जूनच्या पहिल्या शनिवारी दहा पाहुणे येणार आहेत त्यांच्यासाठी एकाच मोठ्या जगमध्ये करून ठेवता येईल असं काही. दहापैकी दोघं पीत नाहीत. प्रमाणं मिलीत द्या, 'अंदाजे' नको.

मोजूनमापून:
दोन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत.

आंबटपणाचं आधी. 'अर्धं लिंबू पिळा' असं लिहिलेली कृती सोडून द्या. कागदी लिंबातून कधी १० मिली रस निघतो, कधी २५. रस काढा, मग मोजा. पेगचं माप ३० आणि ६० दाखवतं, त्याखालचं मोजायला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी खुणांची टोपी उत्तम. पाया असा धरा: दारू ६०, लिंबाचा रस २०, साखरेचा पाक २०. ओल्ड माँकला स्वतःची गोडी असते, तिथे पाक १५ पुरतो. लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत चेचू नका, सालीतला कडवटपणा उतरतो. रस त्याच संध्याकाळी वापरा, सकाळी काढून ठेवलेल्या रसाचा तजेला जातो.

पाक म्हणजे गुलाबजामचा पाक नव्हे. १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं. उकळत ठेवलं की पाणी उडतं, गोडी वाढते आणि मग वरचं प्रमाण चुकतं. एकतारीपर्यंत गेलात तर फ्रिजमध्ये तळाशी खडे धरतात. फ्रिजमध्ये तीन आठवडे टिकतो. गुळाचा केलात तर गाळून घ्या आणि आठवड्याभरात संपवा.

आता पाणचटपणा. इथे बहुतेक जण उलटं करतात: पाणचट होऊ नये म्हणून बर्फ कमी घालतात. दोन खडे कोमट पेयात पडले की ते थंड करता करता स्वतःच संपतात. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला की पेय पटकन शून्याजवळ येतं आणि मग वितळणं मंदावतं. दुसरं म्हणजे बर्फ आधी काढून भांड्यात ठेवू नका. फ्रीझरमधून काढलेला खडा कोरडा असतो, बोटाला चिकटतो. बाहेर अर्धा तास राहिलेला खडा चकचकीत ओला असतो, आणि ते अंगावरचं पाणी पहिल्याच क्षणी तुमच्या ग्लासात येतं. उशीर झालाच तर आधी चाळणीत निथळून घ्या.

शेकरऐवजी घट्ट झाकणाची रुंद तोंडाची स्टीलची बाटली चालते. निम्मी बर्फाने भरायची, १२ ते १५ सेकंद जोरात हलवायची. बाहेरून बाटली हाताला चटका बसेल इतकी गार झाली की थांबा. चहाच्या गाळणीतून ताज्या बर्फावर ओता. सोडा किंवा टॉनिक वॉटर चुकूनही बाटलीत घालू नका, झाकण उडेल आणि स्वयंपाकघर पुसत बसावं लागेल.

आगळावेगळा:
+१. फक्त एक भर: सगळंच हलवायचं नसतं. रस, अंडं, मलई असं काही असेल तरच बाटली. नुसती दारू आणि जरासा पाक असेल तर चमच्याने बर्फात ३० सेकंद ढवळा. हलवलं तर हवा शिरते, पेय गढूळ दिसतं आणि बर्फाचा चुरा उतरतो.

कोकमाची बाटली म्हणालात, पण कुठली? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आगळ आणि अमृत कोकम दोन्ही लालभडक, दोन्ही कोकणातल्या एकाच दुकानात शेजारी शेजारी, पण आगळात मीठ असतं आणि साखर नसते. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं सरबत. सरबत समजून ३० मिली आगळ घातलं तर ग्लास थेट मोरीत जाईल.

आगळ असेल तर: जिन ४५, आगळ १०, पाक २०, गार सोडा १००. लिंबू नको, मीठ नको, आंबट आणि खारट दोन्ही आगळात आहे.
अमृत कोकम असेल तर: जिन ४५, अमृत कोकम २५, लिंबू १०, सोडा १००, चिमटीभर मीठ. पाक नको.

दोन्हींत भाजलेल्या जिऱ्याची पूड, पण चिमटीच्याही निम्मी आणि वरून. आत ढवळली तर बुडाशी गाळ बसतो आणि शेवटचा घोट मठ्ठ्यासारखा लागतो. क्रम असा: जिन, कोकम, पाक हे बर्फाशिवाय ढवळा, मग बर्फ, मग सोडा ग्लासच्या कडेने, आणि तळापासून एकदाच हलकेच उचलून ढवळा. सोडा आधीपासून फ्रिजमध्ये हवा. कोमट सोड्यात वायू टिकत नाही, बर्फावर पडला की सगळा फेस होऊन निघून जातो. ऑफिसनंतरचं हलकं हवंय ना, मग जिन ३० करा आणि सोडा १३०. चव तेवढीच राहते, कारण ती कोकमाची आहे.

आलेपाक:
पावसाचं मी सांगते. गरम रम बिघडते ती एकाच कारणाने: लोक रम पातेल्यात घालून उकळतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्याच्या बरंच आधी. वास घरभर, ग्लासात काही नाही. शिवाय गॅसवर त्या वाफेने भडका उडू शकतो, हे गमतीत घेऊ नका.

एका ग्लासासाठी: पाणी १५० मिली, किसलेला गूळ १० ग्रॅम (दोन सपाट चहाचे चमचे), लवंगा २, दालचिनी बोटाच्या पेराएवढी, आल्याच्या दोन चकत्या. झाकण ठेवून चार मिनिटं उकळा, गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा. तेवढ्यात ग्लास कोमट पाण्याने विसळून घ्या, नाहीतर जाड बुडाचा ग्लास तडकतो. गाळा, त्यात ओल्ड माँक ४५, आणि सगळ्यात शेवटी लिंबू १० मिली. लिंबू उकळलं तर कडवट होतं.

लवंगा दोनच. चार घातल्या तर जीभ बधिर होते आणि दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं. गूळ काळा, सेंद्रिय असेल तर बुडाशी थोडी कचकच राहते, म्हणून गाळणी बारीक हवी. दूध घालून करणार असाल तर लिंबू वगळा. आणि गुळानेही दूध फाटतं, तिथे साखर घ्या.

ग्लासभर:
बाटली तपासली. आगळ निघालं! आता 'सरबत का बिघडतं' तेही कळलं. दोन शंका: जिनमध्ये सोड्याऐवजी टॉनिक चालेल का? आणि पाहुण्यांचं काय?

आगळावेगळा:
कोकमात टॉनिक नको. टॉनिकमध्ये क्विनीनचा कडूपणा असतो आणि भरपूर साखरही असते, सोड्यात दोन्ही नसतं. आगळाची आंबट-खारट चव आणि क्विनीन एकमेकांच्या उरावर बसतात. टॉनिक प्यायचंच असेल तर जिन ४५ ला १२० टॉनिक, लिंबाची एक फोड, बास. पाहुण्यांत कुणाला मधुमेह असेल तर 'हे सोड्यासारखंच' असं म्हणून टॉनिक देऊ नका.

बैठकबहाद्दर:
पाहुण्यांसाठी पन्हं करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात कैरी अजून मिळते. आंबट आणि गोड दोन्ही आतच असल्याने ऐनवेळी लिंबं पिळत बसावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे जिन जगात घालायचीच नाही, प्रत्येकाच्या ग्लासात घालायची. मग न पिणाऱ्या दोघांसाठी वेगळं काही करावं लागत नाही, आणि एका हातात सगळ्यांसारखाच ग्लास असला की 'तू का नाही घेत' हा पुढचा छळही टळतो.

दहा जणांचं माप: पाऊण किलो कैऱ्या कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या. गार झाल्यावर गर काढून पुरणाच्या चाळणीतून घ्या, ४०० ग्रॅम गर हवा. मिक्सरने काम भागत नाही, धागे राहतात आणि दातात अडकतात. त्यात साखर २५० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, गार पाणी ८०० मिली. साधारण १३५० मिली होतं, म्हणजे माणशी १३५. केशर घालू नका, जिनपुढे त्याचा पत्ताही लागत नाही.

जग फ्रिजमध्ये किमान चार तास. बर्फ जगात नको, ग्लासात. पिणाऱ्याच्या ग्लासात बर्फ, जिन ४५, वर पन्हं. आठ जणांना पहिल्या फेरीला ३६० मिली जिन लागते, म्हणजे ७५० च्या बाटलीत दोन फेऱ्या होतात आणि तळाला थोडी उरते. दुसऱ्या फेरीसाठी पन्हंही दुप्पट लागेल हे विसरू नका.

जिन घालण्याआधी पन्ह्याची चव घ्या. नुसतं पिताना किंचित जास्त आंबट-गोड वाटलं पाहिजे. आत्ताच बेताचं लागलं तर बर्फ आणि जिन पडल्यावर मिळमिळीत होणार. कैरी पाडाला आलेली असेल तर आंबटपणा कमी पडतो, तेव्हा २०-३० मिली लिंबू घाला.

चकण्याला तळलेलं, मसालेदार काही ठेवा. फरसाण गोड असलेलं नको, पन्ह्याबरोबर तोंडाला मिठी बसते.

काजूबोंड:
सगळे जिन-रमवर आहेत म्हणून लिहितो. कुणी गोव्यात असेल तर मे अखेरपर्यंत हुर्राक मिळते. काजूच्या बोंडांच्या रसाचं हे पहिलं ऊर्ध्वपातन, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. हुर्राकात अल्कोहोल सुमारे १५ टक्के, फेणीत ४२ च्या आसपास, म्हणून एकीच्या जागी दुसरी मापात बसत नाही. हुर्राक ९०, लिंबाची चव असलेला गोड सोडा १२०, उभी चिरलेली हिरवी मिरची एक, मीठ चिमटीभर. पाक नको. मिरची बिया काढून घाला, नाहीतर दहा मिनिटांनी ग्लास तोंडाला लावता येत नाही. हुर्राक साठवायची वस्तू नाही, काही आठवड्यांत वास उतरतो.

फेणी ४५, गुळाचा पाक २०, लिंबू २०, बाटलीत हलवून. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पहिल्यांदा पिणाऱ्याला वास झेपत नाही, त्याला ३० च द्या.

मोजूनमापून:
काजूबोंड, माप मान्य. पण वाचणाऱ्यांसाठी: गोव्यातली बाटली परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, सीमेवर तपासणी असते. आणि महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो. रम-जिनसारख्या दारूसाठी वय २५ पूर्ण, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. पाहुण्यांत कॉलेजची भाचेमंडळी असतील तर पन्ह्याचा जग त्यांच्याकडे सरकवा आणि जिनची बाटली आपल्याकडे ठेवा.

ग्लासभर:
भाचा आहेच एक, २२ चा. पन्हं मिळेल त्याला. शेवटचं विचारतो: पन्हं आदल्या दिवशी करून ठेवलं तर? आणि रात्री उशिरा दोघं-तिघंच उरले की एखादं शांत काही?

बैठकबहाद्दर:
गर, साखर, मीठ आदल्या दिवशी एकत्र करून ठेवा, उलट चव मुरते. पाणी आणि वेलदोडा त्या दिवशी. जगात गर खाली बसतो, प्रत्येक वेळी ओतण्याआधी लांब चमच्याने तळापासून ढवळा, नाहीतर पहिल्याला पाणी आणि दहाव्याला चटणी.

आलेपाक:
उशिरासाठी ओल्ड माँक ६०, गुळाचा पाक ५, बिटर्स नाहीत म्हणून कोऱ्या कडक चहाचा अर्धा चमचा. भरपूर बर्फात ३० सेकंद ढवळा, गाळून एकाच मोठ्या खड्यावर ओता. छोट्या वाटीत पाणी गोठवलं की तो खडा तयार, वाटी पाच मिनिटं बाहेर ठेवली की सुटतो. वर संत्र्याच्या सालीचा तुकडा, केशरी बाजू ग्लासकडे करून चिमटा. आतला पांढरा भाग आधी सुरीने खरवडा, तो कडू असतो. सध्या संत्री नसतील तर मोसंबी चालते, तिचा वास सौम्य आहे म्हणून दोन तुकडे घ्या.