आशीर्वादातली ‘सहभागिता’

प्रश्न : मैत्रिणीच्या लग्नाला चर्चमध्ये गेले होते. शेवटी पाळकांनी हात उंचावून आशीर्वाद दिला : प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांबरोबर असो. कृपा आणि प्रीती कळली. सहभागिता म्हणजे काय? आत्मा आपल्यात सहभागी होतो, की आपण त्याच्यात?

उत्तर : हे वाक्य बायबलच्या नव्या करारातल्या ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ याच्या १३व्या अध्यायाचा शेवट आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला ते पत्र साधारण इ.स. 55-56 मध्ये ग्रीकमध्ये लिहिले. मूळ शब्द आहे ‘कोइनोनिया’. ‘कोइनोस’ म्हणजे सामाईक, त्यावरून कोइनोनिया म्हणजे एखाद्या गोष्टीत सर्वांचा वाटा असणे. लूकच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात याकोब आणि योहान हे येशूचे शिष्य शिमोनाचे, म्हणजे पेत्राचे, मासेमारीतले भागीदार आहेत, आणि तिथला शब्द याच कुळातला. ‘स्पर्धेत सहभाग घेतला’ हा आजचा अर्थ डोक्यातून काढला, की निम्मा घोटाळा मिटतो.

तुमच्या प्रश्नावर अभ्यासकांची दोन मते आहेत, कारण ग्रीकमधली षष्ठी आपल्या ‘ची’सारखीच दोन्हीकडे वळते. एक, आत्म्यामध्ये आपल्याला मिळालेला वाटा. दुसरे, आत्म्याने माणसामाणसांत घडवलेली एकी. मला दुसरे सोडवत नाही. करिंथची मंडळी गटातटांत फुटलेली होती. ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ (अपुल्लोस हा तिथला दुसरा उपदेशक) हे भांडण करिंथकरांस पहिल्या पत्रातच आहे. म्हणून या ओळीतला ‘सर्वांबरोबर’ मला फार मोलाचा वाटतो. रुसलेलेही त्यात आले.

– मग सरळ ‘सहवास’ म्हटले तर? कानाला गोड आहे.

– गोड आहे, पण वाटा निसटतो. सहवासात नुसते शेजारी बसता येते. याच पत्राच्या ८व्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी वर्गणी गोळा करण्याविषयी लिहितो, आणि त्या मदतीत भाग घेण्यालाही कोइनोनियाच म्हणतो. ज्या शब्दात खिशातले पैसे येतात, त्याला सहवास पुरत नाही. ‘सहभागिता’ बोलीत रुळलेला नाही हे खरे, पण त्यात ‘भाग’ शाबूत आहे. मला विचाराल तर तोच ठेवावा आणि समजावून सांगावा.

‘असो’बद्दलही सांगतो. मूळ ओळीत क्रियापदच नाही. ग्रीकला ते चालते. मराठीत वाक्य अधांतरी राहिले असते, म्हणून अनुवादकांनी ‘कल्याण असो’मधला इच्छार्थी ‘असो’ घातला. विषय आवरता घेताना आपण म्हणतो तो ‘असो’ इथे मनात येऊ देऊ नये.

– पत्राचा शेवट असाच करायची तेव्हा रीत होती का?

– नव्हती. ग्रीक पत्र बहुधा ‘एर्रोस्थे’ म्हणून संपे, म्हणजे ‘सुखरूप असा’. नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात १५व्या अध्यायातले पत्र तसेच संपते. पौलाने त्या जागी ‘कृपा’ आणली. त्याच्या नावावरच्या प्रत्येक पत्रात शेवटाकडे ती आहे, बहुतेक ठिकाणी प्रीती आणि सहभागितेच्या जोडीशिवाय. आपल्याकडचे ‘कळावे, लोभ असावा’ आठवून पाहा. त्यात लिहिणारा वाचणाऱ्याकडे लोभ मागतो. पौल स्वतःसाठी काही मागत नाही, आणि ज्यांना पत्रात रागावला त्यांनाच तिन्ही देऊन पत्र मिटतो.