मदत हवी आहे : वायरमधले निळे गोळे मुलांना खरेच वाटतात

आठवीला विद्युतधारा शिकवताना कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' सिम्युलेशन (संगणकावरचा आभासी प्रयोग) वापरते. बॅटरी-बल्ब जोडला की वायरमधून उणे चिन्हाचे निळे गोळे पळू लागतात. व्होल्टेज वाढवलं की आणखी जोरात. मुलं गेमसारखी तुटून पडतात! पण आता डोक्यात पक्कं बसलंय की इलेक्ट्रॉन निळेच असतात आणि बटण दाबलं की धावत बल्बपर्यंत जातात. प्रत्यक्षात टॉर्चच्या वायरीत ते सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत. सिम्युलेशनमध्ये बॅटरी-बल्बच्या चित्रांऐवजी चिन्हांची परिपथ-आकृती दाखवायचा पर्यायही आहे, पण तो लावला की अर्धा वर्ग गप्प. आधी आकृती दाखवावी की गोळे? हे नुसतं मॉडेल आहे, हे कुणी एखाद्या कृतीतून पटवलंय का? प्रोजेक्टर एकच आहे, मुलांकडे मोबाइल नाहीत.