विषय: अ‍ॅरिसेगला कयाक, नारळी पौर्णिमेला?

प्रेषक: सचिव (एडिंबरा) | २ जून

नमस्कार मंडळी,

दर वर्षी नारळी पौर्णिमेला कम्युनिटी हॉलमध्ये नारळीभात खातो आणि हॉल झाडून घरी जातो. समुद्राचा सण आणि समुद्र कुठे नाहीच! म्हणून या वर्षी समितीचा प्रस्ताव आहे की, त्या आठवड्याच्या शनिवारी अ‍ॅरिसेगला जाऊ आणि गाइडबरोबर कुटुंबासह कयाक व कनू चालवू. शाळा अजून उघडलेल्या नसतील.

अ‍ॅरिसेग स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, फोर्ट विल्यमहून मॅलेगच्या रस्त्यावर आहे. एडिंबराहून गाडीने चारेक तास धरा. ट्रेनने यायचं तर ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून मॅलेगची गाडी, साधारण पाच तास. वाटेत ग्लेनफिनन व्हायाडक्ट (हॅरी पॉटरच्या सिनेमातला रेल्वेपूल) लागतो, त्यामुळे मुलं तक्रार करणार नाहीत. अ‍ॅरिसेग हे ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत पश्चिमेचं रेल्वे स्टेशन आहे. पुढे समुद्र आणि बेटं: एग, मक, रम. (श्रावण असल्यामुळे एग आणि रम दोन्ही लांबूनच पाहायची आहेत.)

वेळ सकाळी अकरा ते दोन, मग जेवण. दोन गाइड असतील. आठ वर्षांपुढची मुलं आईवडिलांबरोबर डबल कयाकमध्ये, लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी कनूमध्ये. दर वेगळ्या मेलमध्ये कळवतो. हात वर करा.

प्रेषक: आर्याची आई (लिव्हिंग्स्टन) | २ जून

कल्पना छान आहे, पण मला पोहता येत नाही. आर्याला येतं, तेही गरम पाण्याच्या तलावात. आम्ही मोठे किनाऱ्यावर बसून चहा पिऊ आणि मुलांना गाइडबरोबर पाठवू, असं नाही का चालणार? आणि कयाक आणि कनूमध्ये फरक काय, हे कोणी सांगेल का? मला दोन्ही उलटणारीच वाटतात.

प्रेषक: निखिल (ग्लासगो) | ३ जून

गाइड कशाला? सुपरमार्केटमध्ये फुगवायची दोन माणसांची कयाक मिळते, पंपासकट. माणशी जेवढे पैसे गाइडला देणार तेवढ्यात कयाक विकत येते आणि कायमची घरात राहते. स्कॉटलंडमध्ये पाण्यावर जायचा हक्क सगळ्यांना आहे: तळ्या-नद्यांवर २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने, समुद्रावर त्याच्याही आधीपासून. परवाना लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही. अ‍ॅरिसेगपर्यंत तरी कशाला जायचं, पूर्व किनाऱ्यावर तासाभरात पोचतो. परवा गेलो होतो, पाणी अगदी ताटासारखं सपाट होतं.

प्रेषक: मेधा (अ‍ॅबर्डीन) | ३ जून

निखिल, त्या ताटासारख्या पाण्याबद्दलच लिहायचंय.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही हेच केलं. फुगवायची कयाक, पूर्व किनारा, ऊन, एक लाट नाही. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? पाणी सपाट होतं कारण वारा आमच्या पाठीमागून, जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. इथे पश्चिमेचा वारा नेहमीचा, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर तो बहुतेक वेळा मतलईच्याच दिशेने. काठाशी टेकडीच्या आडोशाने काही जाणवत नाही. दोनशे मीटर आत गेल्यावर आडोसा संपला. फुगवलेली कयाक म्हणजे वाऱ्याला उशी मिळाल्यासारखं. तळ पाण्यात रुततच नाही. आम्ही दोघं वल्हवत होतो किनाऱ्याकडे आणि किनारा लहान होत होता. मुलगा मध्ये बसून गाणं म्हणत होता. त्याला आम्ही काही सांगितलं नाही.

एका लॉब्स्टरवाल्या बोटीने आम्हाला ओढून आणलं. त्या माणसाने एक शब्द सुनावला नाही, फक्त दोर फेकला. फोन गाडीत होता, ओला होऊ नये म्हणून! आता पाण्यावर जाताना फोन वॉटरप्रूफ पिशवीत गळ्यात असतो, आणि ९९९ लावून पोलीस नव्हे, कोस्टगार्ड मागायचं हे मुलालाही पाठ आहे.

हक्क आहे हे खरं. पण वाऱ्याने तो कायदा वाचलेला नाही.

जाता जाता: आमच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात एक खरी इनुइट (आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांची) कयाक आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीला किंवा अठराव्याच्या सुरुवातीला एक माणूस त्यात बसून अ‍ॅबर्डीनच्या समुद्रात सापडला. जिवंत किनाऱ्यावर आला आणि थोड्याच दिवसांत वारला. चामड्याची ती अरुंद होडी पाहिली की आपल्या रंगीत प्लास्टिकची लाज वाटते.

आर्याच्या आई, कनू म्हणजे वरून उघडी, एकाच टोकाला पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची. कयाकचं वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं, आणि बसायचं पाय लांब करून. गाइड लोक दोन कनू शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी बांधतात. ते उलटवायचं म्हटलं तरी उलटत नाही. तुम्ही त्यात बसा.

प्रेषक: काका (कर्कॉडी) | ४ जून

सचिवसाहेब, अकरा ते दोन ही वेळ कोणी काढली?

माझं बालपण अलिबागचं. आमच्या शेजारचे नाखवा घड्याळ बघत नसत, तिथी विचारत. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ आली. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, सव्वा अकरा. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून ते पाऊणपट. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी काढायला पुरतं.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी हेच गणित पश्चिम किनाऱ्यावर लावलं आणि पौर्णिमेला दुपारी बाराला भरती बघायला म्हणून गेलो. पाहतो तर चिखल, शेवाळ आणि एका कुशीवर झोपलेल्या बोटी. चंद्र तोच, पण भरतीची लाट महासागरातून फिरत प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळेला पोचते. मॅलेगच्या बाजूला अमावस्या-पौर्णिमेला भरती सकाळी सातच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी एकच्या आगेमागे. म्हणजे आपल्या बरोब्बर उलट! आणि अष्टमीला भांगाची (कमी चढ-उताराची) भरती येते ती भर दुपारी.

शिवाय उधाणाला तिथे पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. अ‍ॅरिसेगच्या तोंडाशी खडकांची आणि पांढऱ्या वाळूची इतकी बेटं आहेत की, पाणी उतरलं की वाटाच बंद होतात. तुमचे अकरा ते दोन म्हणजे उतरत्या पाण्यात जायचं आणि वाळूवर बसायचं. चढत्या पाण्यात रुतलात तर पंधरा मिनिटांत पाणीच उचलतं. उतरत्या पाण्यात रुतलात तर पाणी परत येईपर्यंत डबा उघडा.

जेवण आधी, होड्या नंतर. बाकी तांडेल सांगेल ते.

प्रेषक: सचिव | ६ जून

काकांचं पत्र वाचून गाइडला फोन केला. (काकांनी त्याला तांडेल म्हटलं ते आता समितीत रूढ झालंय.) तो हसला. म्हणाला, वेळ मीच कळवणार होतो. अकरा ही वेळ मी जेवणाच्या सोयीने लिहिली होती, कबूल करतो. आता निघायचं अडीचला. सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, घाई नाही.

मुलांना एकटं पाठवण्याबद्दल: १९९३ साली इंग्लंडमध्ये लाइम बे इथे कयाकच्या सहलीत चार शाळकरी मुलं दगावली. त्यानंतर १९९५ चा कायदा आला. आईवडिलांशिवाय अठराखालच्या मुलांना अशा सहलीला पैसे घेऊन न्यायचं तर परवाना लागतो. आईवडील बरोबर असले तर त्या परवान्याची सक्ती नाही. याचा अर्थ कुटुंबाच्या सहलीत चौकशी आपणच करायची. मी केली: गाइडची पात्रता, विमा, रेडिओ, किती माणसांमागे किती गाइड. त्याने एकाही प्रश्नाला कपाळावर आठी आणली नाही. आणि किनाऱ्यावर चहा कोणी पिणार नाही. प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस पाण्यावर.

कपडे: जीन्स आणि सुती कुर्ते नकोत, ओले झाले की अंग गारठवतात. वेटसूट आणि बॉयन्सी एड (तरंगत ठेवणारं जाकीट) ते देतील. ऑगस्टमध्ये तिथलं पाणी तेरा-चौदा अंश असतं. पडलात तर पहिलं मिनिटभर श्वास आपोआप जोरजोरात लागतो, तेव्हा पोहायची धडपड करायची नाही, फक्त तरंगायचं. पोहता न येणाऱ्यांनाही हे जमतं. बॉयन्सी एड त्याचसाठी.

मिज (बारीक चावरे किडे): काठावर चावतील. पाण्यावर थोडा वारा असला की नसतात.

प्रेषक: आर्याची आई | सहलीनंतरचा मंगळवार

सगळ्यांना उशिराने नमस्कार. दंड आता कुठे वर होतायत.

जे आले नाहीत त्यांच्यासाठी. शनिवारी वारा नैऋत्येचा होता. अडीच वाजता आम्ही सगळे वेटसूट चढवून (या प्रकाराबद्दल मी काही लिहिणार नाही) उभे, आणि तांडेल म्हणाला, बाहेरच्या बेटांवर जायचं नाही. जाहिरातीतली ती पांढरी वाळू, हिरवं पाणी, सगळं रद्द. दक्षिणेच्या रू नावाच्या भूशिराच्या आडोशाने खाडीतच फिरायचं. दोन-तीन कुटुंबांचे चेहरे पडले. निखिलने विचारलंच, की मग पैसे अर्धे का? तांडेलने वाळूवर काठीने खाडी काढली. वारा असा येतो, तुम्ही दमलात तर तो तुम्हाला इथे, गावाच्या धक्क्याकडे आणून सोडेल. बाहेर गेलात तर परतताना लाटा आडव्या लागतील, आणि सर्वांत लहान मुलगी सहा वर्षांची आहे. बस, इतकंच. पुन्हा कोणी विचारलं नाही. मला तर त्या क्षणापासून भीती वाटायची थांबली. ज्याला आपल्याला खूश ठेवायची गरज वाटत नाही, त्याच्या होडीत मी बसू शकते.

मी, काका, काकांच्या वहिनी (वय ७४) आणि दोन लहानगी जोडकनूत होतो. पहिली दहा मिनिटं मी वल्हं पाण्यात नुसतं बुडवत होते. मग काकांनी "हय्या हो" सुरू केलं आणि ते जमलं.

सील भरपूर दिसले, खडकांवर केळ्यासारखे डोकं-शेपूट वर करून पडलेले. ऑगस्टमध्ये त्यांचे जुने केस झडून नवे येतात, कोरडं पडून राहणं त्यांना गरजेचं असतं. जवळ जाऊन त्यांना पाण्यात ढकलणं म्हणजे आजाऱ्याची गोधडी ओढणं. तांडेलची खूण सोपी: एकाने मान वर करून पाहिलं की थांबा, दोघांनी पाहिलं की मागे व्हा. पाण्यातले सील मात्र स्वतःच मागे येत होते. काळं गोल डोकं, उपडी घागर तरंगावी तसं. आर्याने एकाशी मराठीत गप्पा मारल्या, तो ऐकून घेत होता.

नारळ काकांनी वाहिला. प्लास्टिक नको, लाल दोराही नको, नुसता नारळ, असं आधीच ठरलं होतं. सगळ्यांनी हात जोडले. पण वारा आणि चढतं पाणी दोन्ही गावाच्या दिशेने, त्यामुळे नारळ आमच्या मागोमाग निघाला. आम्ही वळलो, तोही वळला. शेवटी तांडेलनेच वल्ह्याने तो जवळ ओढला आणि विचारलं, हा परत द्यायचा असतो का? काका म्हणाले, समुद्राने परत केला तर प्रसाद. धक्क्यावर दगडाने फोडून खाल्ला. पाणी किंचित खारट लागलं, ते वरचं असावं.

परतताना तांडेलने दोन वल्ह्यांना ताडपत्री बांधून शीड केलं. एक टोक वहिनींनी धरलं. वीस मिनिटं कोणी वल्हवलं नाही. वहिनी म्हणाल्या, हे आधी का नाही केलं?

प्रेषक: निखिल | त्याच दिवशी रात्री

पैसे अर्धे नाही मागत आता. पण बाहेरची बेटं पाहायचीच आहेत. काका, पुढच्या जूनमधल्या शनिवारांच्या तिथी काढून पाठवाल का? भांगाची दुपारची भरती असेल असा एखादा. वाऱ्याचं तांडेलवर सोडू.

माझी कयाक हवी असल्यास कळवा. पंपासकट. फक्त तळ्यासाठी.

प्रेषक: काका | बुधवार

पाठवतो. नारळीभाताच्या मोठ्या डब्याचं झाकण कोणाकडे गेलंय? वहिनी रोज विचारतायत.