कम्प्युटरला हेडफोन लावला की किरकिर आणि घुंई ऐकू यायलीय, दोन हजारात काय होईल?

पखवाजी_लातूर

राम कृष्ण हरी मंडळी. दिवसा खत-बियाण्याच्या दुकानात असतो. रात्री जेवणं झाली की आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग साफ करत बसतो. कम्प्युटर जुना, असेंबल केलेला. हेडफोन मावसभावानं पुण्याहून पाठवलेला, वायरचा, पूर्ण कान झाकणारा, त्यावर ३२ ओहम लिहिलंय.

माऊस हलवला की कानात किरकिर. पान खाली सरकवलं तर रातकिडाच बसलाय आत असं वाटतं. शिवाय मागं सारखी बारीक घुंई चालू असते, आणि कॅबिनेटला हात लावला की तिचा सूर बदलतो. कधी कधी हाताला झिणझिण्या पण येतात.

हे सगळं एकवेळ सहन केलं असतं, पण पखवाजाची खर्जातली धूमच ऐकू येईना हो. कणीक लावलेल्या तोंडावर थाप पडलीय हे मला माहीत आहे, मीच वाजवलंय. कानात मात्र नुसतं टक टक. दुसऱ्या तोंडाची चाट तेवढी कडक.

दुकानदार म्हणला चार हजाराचं साउंड कार्ड घ्या. माझ्याकडं दोन आहेत, आणि तेही पेरणीच्या तोंडावर असल्या कामाला घातले तर घरात काय ऐकावं लागंल, त्याला हेडफोनची गरज नाही. काय करू?

उदगीरचा_डीजे

दीड हजारात यूएसबी डॅक येतो, म्हणजे बाहेरून लावायचं छोटं साउंड कार्ड. लावा, विषय संपला.

जुना_रेडिओवाला_नांदेड

एवढ्यात कुठं संपतो भाऊ.

पखवाजी, हेडफोन कॅबिनेटच्या तोंडावर खुपसलाय ना? त्या भोकापासून मदरबोर्डापर्यंत आतून हातभर बारीक वायर जाते, ग्राफिक्स कार्डाच्या, पंख्याच्या अंगावरून. माऊसची किरकिर बहुतेक वेळा तिथंच शिरते. मागं हिरव्या रंगाचं भोक आहे, त्यात लावून बघा. वायर पुरत नसंल तर एक्स्टेंशन घ्या, पण हलकं नको. त्याचं ग्राउंड सैल बसलं की गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो आणि टाळ-मृदंग तेवढे पुढं येतात. आमच्याकडं एकजण हेडफोन फेकायला निघाला होता, पिन पुसून नीट दाबली तर बुवा परत गायला लागले.

झिणझिण्यांकडं मात्र आवाजाच्या आधी बघा. एसएमपीएसच्या, म्हणजे कम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, तोंडाशी दोन बारके कपॅसिटर असतात, लाइनच्या दोन्ही वायरींपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असलं की त्यांची गळती जमिनीत जाते. नसलं की पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण तीच ५० हर्ट्झची घुंई होऊन कानात येते. डॅक घेतला तरी तो त्याच पत्र्याला लटकणार, घुंई जाईलच असं नाही. आणि दरवेळी कपॅसिटरच असतो असंही नाही, आत एखादी वायर सोललेली असू शकते. म्हणून स्वतः टेस्टर घेऊन बसू नका, वायरमन बोलवा. कुणी तिसरी पिन तोड म्हणलं तर त्याचं अजिबात ऐकू नका.

वायर ठीक निघाली तर अर्थिंगचा खड्डा बघा. मीठ-कोळसा घातलेला असला तरी आपल्याकडं मे महिन्यात माती पार कोरडी होते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग काम करीना. बादलीभर पाणी ओता.

राहिली धूम. कानाच्या गाद्यांचे काळे पापुद्रे निघायलेत का? गादी घट्ट बसली नाही की खर्ज फटीतून निघून जातो. हेडफोन घालून दोन्ही तळव्यांनी कानावर दाबून धरा. धूम आली तर दुखणं सापडलं.

पखवाजी_लातूर

मामा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे हे. आमच्या गल्लीत आजही नळ आला की लोकं कामाला दांडी मारतात. तुम्ही खड्ड्यात बादली ओता म्हणायलात!

पण तळव्यांनी दाबलं आणि खरंच धूम आली. पापुद्र्यांचं तर विचारू नका. बायको रोज विचारायची, कानाला हे काळं काय लागलंय.

जुना_रेडिओवाला_नांदेड

प्यायचं ओता कोण म्हणलं? भांड्याचं चालतंय.

परभणी_कॉलेज_रोड

काका, मागच्या भोकात लावल्यावर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या डिव्हाइसचं ऑडिओ एन्हान्समेंट, म्हणजे विंडोज आवाजात आपणहून जे फेरफार करतं ते, बंद करा. हेडफोनचा खरा आवाज कळल्याशिवाय साफसफाई करून उपयोग नाही.

गाद्या बदलूनही कमी वाटलं तर खर्ज कमी-जास्त करायचं इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ते वापरायचं तर मात्र एन्हान्समेंट परत चालू ठेवावं लागतं, नाहीतर ते चालत नाही. कॉन्फिगरेटरमध्ये आपल्या डिव्हाइसवर टिक करायची आणि कम्प्युटर रीस्टार्ट करायचा, हे विसरून लोक ‘चालत नाही’ म्हणतात. ऑटोईक्यू नावाच्या साइटवर हजारो हेडफोन मॉडेलांच्या तयार सेटिंग्ज आहेत, तुमचं असेल तर तीच टाका. स्वतः करत असाल तर खर्ज ४ डेसिबल वाढवला की प्रीअँप, म्हणजे एकूण आवाज, उणे ४ करायचा, नाहीतर जोरातली थाप फाटते. यानं फाइल बदलत नाही, फक्त तुमच्या कानातला आवाज बदलतो.

आणि ब्लूटूथच्या नादाला लागू नका. माइक चालू झाला की बरेचसे हेडसेट फोनकॉलच्या आवाजावर उतरतात. माझा तर प्रत्येक ऑनलाइन क्लासला.

पखवाजी_लातूर

आठ दिवसांनी लिहायलोय. मागच्या भोकात लावल्याबरोबर किरकिर गेली, घुंई राहिली. वायरमननं बोर्ड उघडला तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकाची हिरवी वायर आत आहे, पण कशालाच जोडलेली नाही. घर बांधून अकरा वर्षं झाली. ती जोडल्यावर झिणझिण्या बंद, घुंई जवळजवळ गेली. मग चार दिवस भांड्याचं पाणी खड्ड्यात ओतलं. आता रात्री फक्त पंखा ऐकू येतो.

गाद्यांसाठी पट्टीनं व्यास मोजला, ९ सेंमी. ३४० ला जोडी आली. चढवताना कडा आतल्या खाचेत जाईना, शेवटी बायकोनं चमच्याच्या दांड्यानं बसवली. वायरमन २००, एक्स्टेंशन ७०. एकूण ६१० रुपये. डीजे भाऊ, डॅक राहिला.

इक्वलायझर टाकलाय, पण बंदच ठेवलाय, गरज पडेना.

आता नवीनच कटकट. धूम इतकी साफ ऐकू यायलीय की रेकॉर्डिंगच्या दिवशी कणीक वाळून सूर चढला होता हे पहिल्या अभंगापासूनच कळतंय. हार्मोनियमवाले दादा तेव्हाच म्हणले होते, मी त्यांच्याशी भांडलो. येत्या एकादशीला परत रेकॉर्ड करायचं ठरलंय.